सायलेन्सरच्या कंपनीतली ग्रहणं

ग्रहण दोन-तीन तासांत सुटतं, पण त्याच्या गोष्टी काही सुटत नाहीत राव! एक सांगायला घ्यावी तर मागून दुसरी येते, आणि दुसरीला ढकलत तिसरी. परवा परचेसकडे पुन्हा ग्रहणाच्या चष्म्यांची मागणी टाकली, तर तिथला माणूस फोनवर आधी पोटभर हसला आणि मग म्हणाला, "सेफ्टी, यंदा काय काय बघायला मिळणार?"

मी चाकणला सायलेन्सर बनवणाऱ्या एका कंपनीत सेफ्टी ऑफिसर आहे. नाव सुनील, पण ते फक्त गेटपासवर. शॉप फ्लोअरवर सगळे मला 'सेफ्टी' म्हणतात. मी लांबून दिसलो की "ए, सेफ्टी आला!" अशी हाळी जाते आणि कपाळावर चढवलेले गॉगल पटापट डोळ्यांवर उतरतात. मी पुढे गेलो की पुन्हा कपाळावर! लोकांचे डोळे सांभाळणं हे माझं काम, आणि ते मला सांभाळू न देणं हे लोकांचं. वर्षभर हा खेळ ठिणग्या आणि लोखंडाचा कीस यांच्यावरून चालतो. ग्रहण आलं की समोर थेट सूर्यच!

*

पहिलं ग्रहण डिसेंबरातलं, सकाळचं. मी परचेसच्या हात धुऊन मागे लागलो आणि सर्टिफिकेट असलेले खरे ग्रहणाचे चष्मे मागवले. पुठ्ठ्याची फ्रेम आणि काळी चकचकीत फिल्म. माल आल्याचं कळलं, पण हातात काही पडेना. शेवटी स्वतःच गेलो इनकमिंग इन्स्पेक्शनला, म्हणजे बाहेरून आलेला माल तपासतात तिथे. तिथे खोकं होतं आणि खोक्यावर लाल टॅग : रिजेक्टेड!

इनकमिंगला आमचा जाधव. केसाएवढा फरक असला तरी आख्खा टेम्पो परत पाठवणारा माणूस.

"जाधव, हे काय?"

"पूर्ण लॉट डिफेक्टिव्ह आहे."

"डिफेक्ट काय?"

"घालून बघ की! काही दिसतं का? ट्यूबलाइट दिसत नाही, दरवाजा दिसत नाही, माझाच हात मला दिसला नाही. सँपल नाही, एकूण एक पीस डोळ्याला लावून चेक केलाय. एकही पास नाही!"

"अरे बाबा, यातून काही दिसायलाच नको! फक्त सूर्य दिसतो. ट्यूबलाइट दिसली असती तर माल परत पाठवायला पाहिजे होता!"

जाधव माझ्याकडे असा बघत राहिला, जणू मीच खोटा माल घेऊन आलोय. शेवटी त्याला बाहेर पार्किंगमध्ये ओढत नेलं, चष्मा घातला आणि मान वर करायला लावली. 

"दिसला?"

"दिसला." मग थोड्या वेळाने, "गोल आहे."

आत आला, लाल टॅग काढला, हिरवा लावला. पण जाधवच तो! शेऱ्याच्या जागी लिहिलं : 'सूर्य सोडून बाकी सर्व कामांस निरुपयोगी.'

*

ग्रहणाचा दिवस नेमका गुरुवार. गुरुवार म्हणजे आमची सुट्टी. पण कस्टमरची माणसं ऑडिटला येणार म्हणून सुट्टी रद्द. त्यामुळे आकुर्डीहून निघालेल्या कंपनीच्या बसमध्ये सगळ्यांची तोंडं आधीच ग्रहण लागल्यासारखी!

चाकणच्या चौकात बस थांबली. थांबली म्हणजे थांबलीच. पुढे कंटेनर, मागे कंटेनर, बाजूला एक ट्रॅक्टर. तेवढ्यात ग्रहण लागलं. माझ्या बॅगेत थोडे चष्मे होते, ते मी वाटले. लोक खिडकीतून आळीपाळीने बघायला लागले. "आयला, खरंच चावा घेतलाय की!" "ए, मला दे, तुझं झालं!" पाच मिनिटांपूर्वी सुट्टीवरून शिव्या देणारी माणसं एकदम शाळेच्या सहलीला निघाल्यासारखी.

आमचे ड्रायव्हर तांबेकाका. मूळचे चिपळूणचे. ते आरशातून हे सगळं बघत होते. म्हणाले, "मेल्यांनो, एक इकडे पण द्या की!"

मी म्हटलं, "काका, तुम्ही स्टेअरिंगवर आहात. चष्मा घातला की रस्ताच दिसणार नाही. तुम्हाला अजिबात नाही!"

काकांनी शांतपणे इंजिन बंद केलं, हँडब्रेक ओढला, मागे वळून हात पुढे केला आणि म्हणाले, "आण इकडे. ग्रहण सुटेल, हा चौक सुटायचा नाही!"

आणि खरंच सांगतो, काकांचं निवांत बघून झालं, चष्मा परत माझ्या बॅगेत गेला, तरी ट्रॅक्टर तिथेच होता.

*

कंपनीत पोचलो तर वेल्ड शॉपबाहेर वेगळाच कार्यक्रम! दत्तू नावाचा आमचा वेल्डर, बीडकडचा, हात सोन्याचा आणि तोंड त्याहून चालू. तो वेल्डिंगचं हेल्मेट घालून मैदानात उभा आणि त्याच्यामागे वीसेक जणांची लाइन. हेल्मेट भाड्याने दिल्यासारखा थाट!

मी पळत जाऊन आडवा झालो. "काढ! पहिलं ते काढ!"

"काय म्हणायलाव साहेब! दिवसभर मी वेल्डिंगचा आर्कच बघायलो की या काचेतून."

"ही काच अकरा नंबरची आहे. सूर्याला चौदा नंबर लागते. आपल्या शॉपमध्ये चौदाची एकही नाही."

"अहो पण आर्क माझ्या नाकापुढं असतो, हातभर. सूर्य किती लांब! लांबच्या माणसाचा तरास जास्त व्हतो का जवळच्याचा?"

मागच्या वीस जणांना हा मुद्दा भलताच पटला. माना हलल्या.  मला एकदम सुचलं.

"दत्तू, मे महिन्यात दुपारी तू टोपी का घालतोस?"

"टक्कल तापतं म्हणून."

"आर्कने कधी तापलं?"

दत्तूने विचार केला. हेल्मेट काढलं, काखेत धरलं. लाइनही हळूहळू पांगली. मी जिंकलो म्हणून वळलो, तेवढ्यात मागून दत्तूचा आवाज आला, "पण साहेब, टक्कल असं मी सोताच्या तोंडानं म्हणलं ते ठीक. तुम्ही सगळ्यांसमोर काढायला नव्हतं पाह्यजे!"

*

त्याच सकाळी आमच्या फर्स्ट एडच्या खोलीसमोर एक प्रकार झाला. तिथे शोभा सिस्टर असतात. त्या बोलायला लागल्या की प्लॅन्ट हेडसुद्धा खुर्चीत नीट बसतात.

त्यांना खिडकीतून दिसलं की आपले स्टोअरचे विठ्ठलकाका एक्स-रेची फिल्म डोळ्यांपुढे धरून आकाशाकडे तोंड करतायत. काका इथलेच, खेडकडच्या एका गावचे. जमीन कंपन्यांना गेली, पण बैलगाडा शर्यतीचा नाद गेला नाही. घरी बैल, आणि नोकरी म्हणजे बैलांच्या खुराकासाठी केलेला जोडधंदा!

सिस्टर बाहेर आल्या आणि फिल्म हातातून हिसकावली. "काका! एक्स-रेमधून उजेड कमी दिसतो, पण डोळा जाळणारे किरण अडत नाहीत. दुखतसुद्धा नाही जळताना! कुणी सांगितलं हे उद्योग करायला?"

"आमी ल्हानपनापास्नं असंच बघतो की."

"म्हणूनच रॅकवरचे नंबर वाचताना डोळे बारीक करता!"

बोलता बोलता सिस्टरनी सवयीने फिल्म उजेडापुढे धरली आणि त्यांचा चेहरा बदलला. आवाज एकदम मऊ झाला. "काका, बसा बघू आधी. हे हाड... हे कधी झालं? तुम्ही यावर चालताय कसे? मला काही बोलला नाहीत ते!"

काका बसले. सिस्टरनी त्यांची पँट घोट्यापासून गुडघ्यापर्यंत वर केली, पाय दाबून बघितला, डावा बघितला, उजवा बघितला. काका कौतुकाने करून घेत होते.

"दुखतंय कुठे?"

"मला न्हाई दुखत."

"असं कसं? इथं सरळ फ्रॅक्चर दिसतंय! आणि हा पायही कसा विचित्र, माणसाचा वाटतच नाही!"

"व्हय," काका म्हणाले, "बैलाचा हाय."

*

दहाच्या सुमारास माझ्याकडचे चष्मे कमी पडायला लागले आणि माणसं वाढायला लागली. मग मी कँटीनमधून बुंदी पाडायचा मोठा झारा आणला. सगळ्यांना सांगितलं, सूर्याकडे पाठ करा. झारा डोक्यावर धरला आणि खाली सिमेंटवर झाऱ्याची सावली पडली. त्या सावलीत जेवढी भोकं तेवढे सूर्य, आणि प्रत्येक सूर्य कोरीच्या आकाराचा! चंद्रकोरींचा सडा म्हणा ना. माणसं "अरे! अरे!" करत खाली वाकली. जाधव तर गुडघ्यावर बसून एकेक कोर तपासायला लागला. सगळ्या सारख्या आहेत का, हे!

म्हणजे चित्र असं : मी मधोमध झारा उंच धरून उभा. माझ्याभोवती साठ-सत्तर माणसं, सूर्याकडे पाठ, माना खाली, एकदम शांत.

आणि नेमके तेव्हाच आमचे प्लॅन्ट हेड पाठकसाहेब कस्टमरच्या ऑडिटरना घेऊन तिथून चालले होते. ऑडिटर चेन्नईचे, अतिशय गंभीर गृहस्थ. ते थांबले. आधी माझ्याकडे, मग झाऱ्याकडे, मग वाकलेल्या माणसांकडे बघितलं आणि अदबीने विचारलं, "इज धिस सम प्रेअर?"

पाठकसाहेबांनी माझ्याकडे बघितलं. ती नजर मी आयुष्यात विसरणार नाही. उत्पादन बंद, माणसं मैदानात, आणि सेफ्टी ऑफिसर झारा घेऊन! पण साहेब उगाच साहेब झालेले नाहीत. पापणी न हलवता म्हणाले, "नो सर. फ्लोअर क्लीनलिनेस चेक. एव्हरी थर्सडे!"

ऑडिटरनी वहीत काहीतरी टिपून घेतलं आणि कौतुकाने मान हलवली. तेव्हापासून आमच्याकडे दर गुरुवारी, सुट्टी नसेल तर, खरोखर फ्लोअर क्लीनलिनेस चेक असतो. शिव्या मला पडतात.

*

ऑडिटर नाश्त्याला बसले आणि साहेब बाहेर आले. ग्रहण सुटत आलं होतं, थोडासा चावा बाकी. साहेबांना पक्षी बघायचा छंद, त्यामुळे गाडीत कायम मोठी दुर्बीण. माझ्याकडून चष्मा मागून घेतला, डोळ्यांवर चढवला, आणि मी दुसऱ्याशी बोलत असताना चष्म्याच्या पुढे दुर्बीण लावून सूर्याच्या दिशेने उचलली!

मी काही विचार केला नाही. झडप घातली. दुर्बीण साहेबांच्या हातातून उडाली, पट्टा गळ्यात होता म्हणून वाचली, पण पट्ट्याच्या हिसक्याने साहेब माझ्या अंगावर आले. सगळ्या कंपनीसमोर प्लॅन्ट हेड आणि सेफ्टी ऑफिसर मिठी मारून उभे!

"डोकं ठिकाणावर आहे का तुझं?" साहेब एवढंच म्हणाले, पण हळू आवाजात. हळू आवाज म्हणजे वाईट.

 नोकरी गेल्यातच जमा. मी फक्त त्यांच्या डोळ्यांवरचा चष्मा काढून घेतला, दुर्बीण मागितली, कुणी डोळा लावणार नाही अशी ती सूर्याकडे धरली आणि मागच्या बाजूने जिथे उजेडाचा ठिपका पडतो तिथे चष्म्याची फिल्म आणली. थोडा वेळ काही झालं नाही. दत्तू मागून म्हणालाच, "साहेब, काय होईना!" मग फिल्म सुरकुतली, धुराची बारीक रेघ निघाली आणि आरपार भोक पडलं.

 चष्मा नुसत्या डोळ्यांसाठी असतो, दुर्बिणीतून गोळा झालेल्या उन्हासाठी नसतो, हे सांगायची गरजच उरली नाही.

साहेबांनी तो चष्मा हातात घेतला. भोकातून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, "अप्रेझलच्या वेळी मला या दिवसाची आठवण कर."

आठवण करायची ती मिठीची की भोकाची, हे काही त्यांनी सांगितलं नाही. अप्रेझल होईपर्यंत मला धड झोप आली नाही!

*

लॉकडाउनमधलं ग्रहण जूनमधलं, रविवारी सकाळी. सगळे घरी अडकलेले. मी आधीच कंपनीच्या ग्रुपवर कळवलं होतं, की ज्यांच्याकडे मागचे चष्मे आहेत त्यांनी फिल्मवर ओरखडा, सुरकुती, टाचणीएवढं भोक आहे का बघा. असेल तर कात्रीने कापून टाका. वाकड-हिंजवडीपासून खेडपर्यंत सगळीकडे ढग. सूर्याचा पत्ता नाही. ग्रुपवर सगळे रडतायत.

एवढ्यात दत्तूचा फोन. तो चाकणजवळ भाड्याच्या खोलीत राहतो, आणि गावाकडून आलेली त्याची आई तिथेच अडकलेली.

"साहेब, पूर्ण ग्रहण लागलं! पूर्ण! सूर्य आख्खा गायब! काळंकुट्ट!"

"दत्तू, इकडे नुसते ढग आहेत. आणि आपल्याकडे पूर्ण लागणारच नव्हतं."

"तुमच्याकडं नसंल. आमच्याकडं लागलंय. चष्मा लावून बसलोय ना मी. ठिपकासुद्धा दिसंना!"

"आत्ता तू नक्की कुठे आहेस?"

 दत्तूचा आवाज खाली आला. "बाथरूममदी. आई भाईर सोडंना. गरानात भाईर पडायचं नाही म्हणती. पण साहेब, मी म्हणलं, चष्मा तर हाय!"

*

आता शेवटचा किस्सा. हा मी दोन्ही बाजूंनी ऐकलाय, नवऱ्याकडून आणि बायकोकडून, त्यांच्याच घरी चहा पीत. त्यामुळे यात माझं मीठमसाल्याचं काही नाही.

दिवाळीतलं ग्रहण. लक्ष्मीपूजन आणि पाडवा यांच्यामधला तो रिकामा दिवस, संध्याकाळची वेळ. कंपनी बंद. मी ग्रुपवर मेसेज टाकला, 'सूर्य मावळतीचा असला तरी चष्म्याशिवाय बघू नका.' सगळ्यांत आधी अंगठा दाखवला तो सचिनने. सचिन आमच्या डिझाइनमधला पोरगा. दिवसभर कॉम्प्युटरवर सायलेन्सरची ड्रॉइंग काढतो. हुशार आहे, म्हणजे दुसऱ्याचं ऐकत नाही.

तो मारुंजीत मित्राच्या फ्लॅटवर गेला होता. गच्चीवर फराळ, आणि समोर माणच्या बाजूला कोर झालेला लालसर सूर्य. "मावळतीच्या सूर्याला काय घाबरायचं!" म्हणत हा चिवडा खात उघड्या डोळ्यांनी टक लावून बसला, अगदी सूर्य इमारतींमागे जाईपर्यंत. डोळे दुखले नाहीत. पाणी आलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी पाडव्याचं ताट समोर आलं, तर ताटातला लाडू दिसेना! लाडवाकडे बघितलं की लाडू गायब. करंजीकडे बघितलं की लाडू हजर, करंजी गायब. जिथे बघावं तिथे मधोमध राखाडी डाग.

सचिनने कुणाला सांगितलं नाही. सुट्टी संपून कामावर आला. ड्रॉइंगवरच्या रेषा मधूनच तुटलेल्या दिसायला लागल्या, तर आयटीवाल्यांशी भांडून मॉनिटर बदलून घेतला. मग दुसराही बदलून घेतला!

आणि याच सुमाराला आकुर्डीच्या त्याच्या आत्याने स्थळ आणलं. मुलगी आकुर्डीचीच, नाव प्रज्ञा. बायोडाटा याच्या हातात दिला. याने तो समोर धरला, योग्य तेवढा वेळ जाऊ दिला आणि म्हणाला, "चांगलं आहे." एक अक्षर वाचता आलं नव्हतं!

बघण्याचा कार्यक्रम ठरला. मुलगी पोहे घेऊन आली आणि समोर बसली. सचिनने धीर करून सरळ तिच्याकडे बघितलं. केस दिसले, दोन्ही कानातली दिसली, मधे चेहऱ्याच्या जागी डाग. मग त्याने शक्कल लढवली. तिच्या शेजारी भिंतीवर घड्याळ होतं, त्याच्याकडे बघितलं की चेहरा कडेने थोडा दिसायचा, पण नेटवर्क नसताना व्हिडिओ कॉल लावल्यासारखा. हा आपला घड्याळाकडे बघत बसला.

मुलीच्या वडिलांनी विचारलं, "तुम्हाला कुठं जायची घाई आहे का?"

"नाही नाही!" सचिन म्हणाला, घड्याळाकडे बघत.

आत्याने त्याला कोपराने ढोसलं. शेवटी कुणीतरी म्हणालं, मुलांना जरा बोलू द्या. दोघांना गॅलरीत पाठवलं.

दार लोटल्याबरोबर प्रज्ञा म्हणाली, "ग्रहण कशाने बघितलंत?"

सचिनच्या पायाखालची फरशी सरकली. "कुठलं ग्रहण?"

"दिवाळीतलं. माझ्याकडे सरळ बघायला गेलात की तुमची नजर बाजूला घसरते. दिवाळी झाल्यापासून आमच्याकडे असे बरेच येतायत."

"तुमच्याकडे म्हणजे?"

"डोळ्यांच्या हॉस्पिटलमध्ये. मी डोळे तपासते. बायोडाटात पहिल्याच ओळीत आहे की!"

"मला वाचता आला नाही," सचिन म्हणाला. त्या संध्याकाळी तो पहिल्यांदाच खरं बोलला.

प्रज्ञाने हाताची घडी घातली. "मी दिसते कशी, सांगा बघू."

सचिनने फार प्रयत्न केला. मग म्हणाला, "कानातलं छान आहे."

तिला हसू आवरेना. हसून झाल्यावर तिने विचारलं, "घरी सांगितलंय?"

"नाही."

"कंपनीत?"

"नाही. सेफ्टीला कळलं तर मारून टाकेल."

"उद्या ओपीडीत या. आणि आज घरी हो म्हणू नका. मला न बघता कुणी हो म्हटलेलं मला चालणार नाही."

दोघं आत आले. सगळे आशेने बघतायत. "काय ठरलं?"

प्रज्ञा म्हणाली, "तपासणी झाल्यावर सांगू."

आत्याला वाटलं रक्ताची. "आजकालच्या मुली!" एवढंच ती बोलली.

हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी डोळ्यांच्या पडद्याचा फोटो काढला आणि स्पष्ट सांगितलं. जळलेलं आहे. यावर थेंब नाहीत, गोळी नाही. वाट बघायची. बऱ्याच जणांचं हळूहळू सुधारतं, काहींचं राहून जातं. तुमचं काय होईल, आज सांगता येणार नाही.

त्या दिवशी सचिन पहिल्यांदा माझ्या केबिनमध्ये आला, दार लावून घेतलं आणि सगळं सांगितलं. मी झापायला तोंड उघडलं होतं. पण तो म्हणाला, "सुनील सर, हा डाग गेलाच नाही तर? मला दुसरं काही येत नाही हो ड्रॉइंगशिवाय." कंपनीत पहिल्यांदाच मला कुणीतरी नावाने हाक मारली होती. मी त्याच्यासाठी चहा मागवला आणि पाठकसाहेबांकडे गेलो. साहेबांनी ऐकून घेतलं आणि त्याला स्क्रीनवरून काढून असेंब्लीच्या ट्रायलवर, म्हणजे सायलेन्सर जोडून बघायच्या कामावर, टाकलं. 

मग सचिनच्या तपासण्या सुरू झाल्या. दर वेळी तीच खुर्ची, तोच अक्षरांचा तक्ता, आणि तपासायला प्रज्ञा. पहिल्यांदा वरच्या मोठ्या ओळी, पुढच्या वेळी एखादी खालची, कधी कधी काहीच फरक नाही. अशा दिवशी ती म्हणायची, "घाई नाही. तक्ता कुठे पळून जात नाही." त्याच्या घरी आता सगळं माहीत झालं होतं. आत्या दर आठवड्याला विचारायची, "त्या मुलीचं काय?" आणि हा म्हणायचा, "अजून दिसली नाही!"

उन्हाळा सुरू झाला. एका सकाळी त्याने एक डोळा झाकून तक्ता वाचायला घेतला आणि न अडखळता शेवटच्या ओळीपर्यंत गेला. मग दुसरा डोळा. तोही शेवटपर्यंत.

"डाग?" प्रज्ञाने विचारलं.

"आहे, पण अगदी बारीक. शोधला तर सापडतो."

तिने तक्त्याचा दिवा बंद केला, स्टूल ओढून त्याच्यासमोर बसली आणि म्हणाली, "आता माझ्याकडे बघा. सरळ."

सचिनने बघितलं. बराच वेळ बघितलं. बाहेर पेशंट खोळंबले होते.

"दिसतंय?"

"सगळं."

"मग?"

सचिनने घसा साफ केला, शर्ट खाली ओढला. "माझ्याकडून हो आहे!"

प्रज्ञाने केसपेपरवर काहीतरी लिहिलं, टॉर्च अ‍ॅप्रनच्या खिशात टाकला, कागद त्याच्या हातात दिला आणि म्हणाली, "माझा अजून विचार चालू आहे. पुढच्या महिन्यात फॉलोअपला या... मावशी, पुढच्या पेशंटला पाठवा!"